चार तासांची बोट

समुद्रकाठच्या त्या गावाला जायचे चार मार्ग होते आणि चारही तिला तोंडपाठ होते. विमानाने पन्नास मिनिटं, पण पुढे तासभर टॅक्सी. रेल्वेने चौदा तास, त्यातले दोन सरहद्दीवर खोळंबा. बसने घाटातून दहा तास. पोटात ढवळणाऱ्यांनी पुढची सीट मागावी आणि निघण्यापूर्वी फार खाऊ नये. आणि या हंगामात नव्याने सुरू झालेली बोट, आखात ओलांडून सरळ, चार तास. गाव शेजारच्या देशात असलं तरी जायला नुसतं ओळखपत्र पुरे होई, त्यामुळे सुट्ट्या लागल्या की काउंटरपुढे रांग लागे. आणखी पलीकडच्या देशांतूनही लोक फोन करत, आणि ती कागदाकडे न बघता सांगत असे, तुम्ही आधी आमच्या शहरापर्यंत या, मग इथून हे चार रस्ते. ऑफिसचे मालक तिला टाइमटेबल म्हणत. हळूहळू गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली. "टाइमटेबलताई आहेत का?" असं विचारत लोक काचेचं दार ढकलून आत येत.

तिने स्वतः मात्र यातला एकही मार्ग पाहिला नव्हता. बारा वर्षं ती त्या काउंटरमागे, एका चाकाने अडणाऱ्या खुर्चीवर बसून लोकांना समुद्रावर पाठवत होती आणि स्वतःला सुट्टी मिळाली की घरी झोप काढत होती. घरात तिघीच. ती, तिची आई आणि आठ वर्षांची मुलगी, जिला सगळे बारकी म्हणत. नवरा फार पूर्वीच दुसरा संसार थाटून मोकळा झाला होता आणि त्याचा विषय घरात निघत नसे.

त्या आठवड्यात घड्याळजी तिसऱ्यांदा आले. घड्याळजी म्हणजे बाजाराच्या कोपऱ्यावर चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून, हात थरथरायला लागल्यावर दुकान बंद केलेले गृहस्थ. त्यांचा मुलगा त्या गावातल्या एका हॉटेलात आचारी होता. दोन वर्षं तो बोलावत होता आणि दोन वर्षं नवरा-बायकोचं वाहन ठरत नव्हतं. विमानाचं नाव काढलं की बायकोची छाती धडधडे. रेल्वेत घड्याळजींच्या गुडघ्यांची दैना. घाट त्यांनी तरुणपणी एकदा पाहिला होता आणि पुन्हा पाहायची हौस उरली नव्हती.

"मग राहिली बोट," ती म्हणाली.

"चार तास म्हणजे नक्की किती?" घड्याळजींनी विचारलं.

"चार तास म्हणजे चार तास, काका."

"आणि बुडाली तर?"

"काहीतरीच काय बोलता. सव्वाशे माणसांची बोट आहे. दोन इंजिनं आहेत. आत एसी आहे."

"एसी असला म्हणजे बुडत नाही का?" घड्याळजींची बायको म्हणाली. ती मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

रांगेतली माणसं हसली. मालक आतल्या केबिनमधून बघत होते. बोटीची एजन्सी त्यांनी मोठ्या खटपटीने मिळवली होती आणि शनिवारच्या जागा अजून भरल्या नव्हत्या. तिला थोडा वैताग आला, थोडी ईर्षाही चढली. ती म्हणाली, "काका, मी माझ्या सख्ख्या आईला बसवते या बोटीत. माझ्या मुलीला बसवते. आता तरी पटलं?"

घड्याळजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कधी?"

"येत्या शनिवारी," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मग आमचीही शनिवारचीच काढा."

घरी तिने हे गमतीने सांगितलं. आई हसली नाही. तिने हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे खरंच जायचंय?" बोटीच्या कंपनीने एजंटांना दोन जागा फुकट दिल्या होत्या, हे तिने सांगायला नको होतं, पण सांगितलं. मग बारकीला कोण आवरणार? ती पोहण्याची टोपी घालून जेवायला बसली आणि ती टोपी घालूनच झोपली. आईने पासष्ट वर्षांत समुद्र पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीकडून बॅग आणली आणि चार दिवसांचे कपडे तीनदा काढून तीनदा भरले.

शुक्रवारी दुपारी कंपनीचा माणूस तिकिटं द्यायला आला. घाईत होता. गठ्ठा काउंटरवर टाकून पाणी प्यायला आणि जाता जाता म्हणाला, "उजवं इंजिन जरा कुरकुरतंय. पण एकावरही जाते ती, फक्त उशीर होतो. पार्ट येतोय पुढच्या आठवड्यात. लोकांना उगाच काही बोलू नका."

"बरं," ती म्हणाली.

तिला ते खटकलं होतं, नाही असं नाही. पण पुढे गिऱ्हाईक उभं होतं, प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, आणि एकावरही जाते असं तो म्हणालाच होता. घरी गेली तेव्हा बॅगा दाराशी लावून ठेवलेल्या होत्या. आईने केस धुतले होते. इंजिनाचं तिने घरी सांगितलं नाही. विसरली नव्हती, फक्त ते बाजूला सारून ठेवलं होतं, उद्या बघू म्हणून ठेवलेल्या कागदासारखं.

शनिवारी सकाळी आठला ती दोघींना घेऊन धक्क्यावर गेली. वारा होता. धक्क्यावर उभ्या माणसांच्या ओढण्या आणि टोप्या उडत होत्या आणि लोक हसत त्या पकडत होते. बोट पांढरी, नवी, चकचकीत दिसत होती. घड्याळजी आणि त्यांची बायको आधीच येऊन बसले होते. तिने स्वतः काढून दिलेल्या सतरा तिकिटांची माणसं त्या बोटीत होती आणि बहुतेकांनी तिला हात केला. बारकीला तिने खिडकीची जागा मिळवून दिली होती.

"पोचल्यावर लगेच फोन कर," तिने आईला सांगितलं.

"करते गं. तू जेव वेळेवर. डबा ओट्यावर आहे," आई म्हणाली. मग खालच्या आवाजात, "पाणी किती आहे ना."

बोट सुटली तेव्हा घड्याळजींनी खिडकीच्या आतून मनगटावर बोट ठेवून एक मिनिट उशीर झाल्याची खूण केली. बोटीच्या मागे पाणी घुसळून निघत होतं, पण एकाच बाजूला जास्त. दुसऱ्या बाजूने खोकल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. मागच्या डेकवर निळ्या डगल्यातला एक खलाशी वाकून खाली बघत होता. ती हात हलवत राहिली. हलवता हलवता तिचा हात जड झाला.

ऑफिस नऊला उघडलं. बारापर्यंत तिने नेहमीसारखं काम केलं. साडेबाराला बोट पोचायची होती. पावणेएकला तिने उलटा ठेवलेला मोबाइल सुलटा केला. एक वाजता तिने आईला फोन लावला. लागला नाही. समुद्रावर रेंज नसते, हे ती गिऱ्हाइकांना रोज सांगे.

"उतरताना गर्दी असेल," तिने स्वतःलाच सांगितलं. बॅगा. बारकीला बाथरूमला जायचं असेल. आईला फोन पिशवीच्या तळाशी ठेवायची खोड.

समोर एक नवं जोडपं उभं होतं. त्यांना चारही मार्ग समजावून हवे होते.

"त्यातल्या त्यात सोयीचं काय पडेल?" नवऱ्याने विचारलं.

तिने तोंड उघडलं आणि नेहमीचं वाक्य आपोआप बाहेर येऊ लागलं, "बोट, चार तासांत..." आणि तिथेच ते अडलं. जोडपं तिच्याकडे बघत राहिलं. "बस," ती म्हणाली. "बसने जा." तिने त्यांना बसची तिकिटं काढून दिली.

दीड वाजता तिने कंपनीला फोन केला. तिकडून बाई गोड आवाजात म्हणाली, "थोडा उशीर आहे, वारा आहे ना." दोन वाजता तीच बाई म्हणाली, "वायरलेसवर बोलणं होत नाहीये, पण काळजीचं कारण नाही." अडीच वाजता फोन कोणी उचललाच नाही.

तेव्हा ती घाबरली. इतका वेळ भीती बाहेर कुठेतरी होती, आता ती आत आली. पोटऱ्यांतून गार काहीतरी वर चढत गेलं आणि मांड्यांपाशी थांबलं. उद्या बघू म्हणून ठेवलेलं ते वाक्य आता कानात स्पष्ट ऐकू येत होतं. एकावरही जाते ती. आणि ते एकही बंद पडलं तर, हे तिने विचारलं नव्हतं. एवढासा प्रश्न. बारा वर्षांत लोकांनी तिला हजार प्रश्न विचारले होते, कुठल्या बाजूला ऊन येतं इथपासून, आणि तिला तो एक सुचला नव्हता.

मग ऑफिसचा फोन वाजू लागला. दर वेळी वाजला की काळीज उडे, आई असेल, आणि दर वेळी दुसरंच कोणी असे.

"ताई, आमची मंडळी पोचली का हो?"

"थोडा उशीर आहे," ती म्हणे. "वारा आहे."

त्या गोड आवाजातल्या बाईचंच वाक्य आपण बोलतोय, हे तिसऱ्या फोनला तिच्या लक्षात आलं. पण थांबता येईना. समोर सतरा नावांची यादी पडली होती. कोणाला खिडकी हवी होती, कोणाला बाथरूमजवळची जागा, तिला सगळं आठवत होतं. शेवटची दोन नावं तिच्याच अक्षरात होती, आई आणि बारकी.

तीनला घड्याळजींच्या मुलाचा फोन आला. आचारी. तो पलीकडच्या धक्क्यावर उभा होता. मागे वाऱ्याचा घोंघाट ऐकू येत होता.

"मी बारा वाजल्यापासून इथे आहे," तो म्हणाला. "बोट आलेली नाही. बंदरावर दोनशे माणसं जमलीत. इथला अधिकारी म्हणतो कंपनीने सांगितलंय सगळं ठीक आहे, वेग कमी केलाय फक्त. तुम्हाला काही माहीत आहे?"

"नाही," ती म्हणाली.

"आई पहिल्यांदाच बोटीत बसली. ती घाबरट आहे हो. बाबांनी सांगितलं, तिकीटवाल्या बाईंची आई येतेय सोबतीला, म्हणून तयार झाली."

तिचे डोळे यादीतल्या शेवटच्या दोन नावांवर गेले.

"हॅलो? ताई?"

"माझी मुलगी पण आहे त्यात," ती म्हणाली. "आठ वर्षांची."

तो म्हणाला, "त्यांनी सरळ रेषेत शोधायला दोन बोटी पाठवल्यात. नेहमीच्या मार्गावर. त्या बोटींना काहीच दिसलेलं नाही. समुद्रात नाहीशी कशी होईल एवढी बोट? काही कळलं तर सांगा," आणि फोन ठेवला.

ती रिसीव्हर हातात धरून बसली. सरळ रेषेत. वेग कमी केलाय फक्त. कंपनीने त्यांना इंजिनाबद्दल सांगितलंच नव्हतं. ज्यांना शोधायचं त्यांना ठाऊक नव्हतं की काय शोधायचं.

ती उठली आणि मालकांच्या केबिनमध्ये गेली. मालक पंख्याखाली बसून कपाळ पुसत होते. तिने शुक्रवारचं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. मालकांचा चेहरा उतरत गेला.

"हे मला आता सांगतेस?"

"हो."

"हे बघ. आपण तिकीट विकतो, बोट चालवत नाही. तू माहीत असून तिकिटं विकलीस असं बाहेर गेलं, तर तू पण जाशील आणि मी पण जाईन. कंपनीने सांगितलं असेल त्यांना. त्यांचं ते बघतील."

"नाही सांगितलेलं. आचारी म्हणाला आत्ता."

"कोण आचारी?" मालकांनी हात जोडल्यासारखे केले. माणूस दुष्ट नव्हता. "थोडं थांब. पाचपर्यंत थांब. आली तर सुंठीवाचून खोकला जाईल."

पाच म्हणजे दोन तास. ती दारात उभी राहिली. तिला खरोखर थांबावंसं वाटलं, हे तिने पुढे कोणापासून लपवलं नाही. मनातल्या मनात ती म्हणत होती, आत्ता आईचा फोन येईल, आत्ता येईल, आणि मग हे कुणाला सांगावंच लागणार नाही. तेवढ्यात बाहेर फोन वाजला. ती धावली. कोणीतरी विमानाची वेळ विचारत होतं.

तिने तो फोन ठेवला आणि आपला मोबाइल उचलला. इतका वेळ तो तिने मोकळा ठेवला होता, आईसाठी. आता बोलत असताना आईचा आला तर एंगेज लागणार, या विचाराने अंगठा बटणावर अडला. मग तिने यादीत घड्याळजींच्या नावापुढे लिहिलेला आचाऱ्याचा नंबर दाबला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "उजवं इंजिन बिघडलेलं आहे. काल मला त्यांच्या माणसाने सांगितलं. सकाळी सुटताना आवाजही नीट नव्हता. बोट एकाच इंजिनावर निघाली. त्या अधिकाऱ्याला सांगा. आत्ताच्या आत्ता."

वाऱ्याचा आवाज येत राहिला. तो फोन ठेवून देईल असं तिला वाटलं.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"आणि स्वतःची मुलगी बसवलीत."

तिकडे पावलं वाजली, कोणाशी तरी झटापट झाल्यासारखे आवाज आले, आणि मग एक जाड, दमदार आवाज कानात आला. "बंदर अधिकारी बोलतोय. पुन्हा सांगा. हळू सांगा. कुठलं इंजिन, कोण म्हणालं, किती वाजता सुटली."

तिने सगळं पुन्हा सांगितलं. अधिकाऱ्याने मध्ये एकदाच विचारलं, "उजवंच ना? नक्की?" मग तो फोनपासून तोंड बाजूला करून कोणाला तरी म्हणाला, "एकावर असेल तर या वाऱ्यात ती सरळ राहणारच नाही. खाली ढकलली गेली असेल, खडकांकडे. दोन्ही बोटी दक्षिणेला वळवा."

खडकांकडे हा शब्द तिने ऐकला. फोन बंद झाल्यावरही तो ऐकू येत राहिला.

मालक केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते आत गेले आणि दार लोटून घेतलं.

पुढचे दोन तास तिने काय केलं हे तिला नीट सांगता येत नाही. काही नातेवाईक ऑफिसातच येऊन बसले होते. त्यांना तिने खरं काय ते सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ तिच्या अंगावर धावून आले आणि मध्येच थांबून बाकावर बसले. एका बाईने तिला पाणी आणून दिलं; त्या बाईचा भाऊ बोटीत होता. तिने पाणी घेतलं आणि पेला तसाच काउंटरवर ठेवला. तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं, ते हलत नव्हतं. बारकी खिडकीशी आहे आणि खिडकीच्या वर पाणी आहे. ती मनाने दुसरं काहीतरी पाहायचा प्रयत्न करी, बारकी शाळेत, बारकी झोपलेली, आणि प्रत्येक चित्राला ती खिडकी येऊन मिळे. बारकीला पोहता येत होतं का? पंधरा दिवसांच्या वर्गात जेवढं येतं तेवढं. आईला अजिबात नाही. आई तिला सोडून देणार नाही. म्हणजे दोघी. हा हिशेब डोकं आपोआप करी आणि पुन्हा पहिल्यापासून करी.

पाच चाळीसला मोबाइल वाजला. आचारी.

"सापडली," तो ओरडून बोलत होता. "खडकांच्या अलीकडे. नांगर टाकून होती, पण सरकत होती. आणताहेत ओढून."

ऑफिसात कोणी रडायला लागलं. तिने दुसरा कान दाबून धरला. "सगळे आहेत का?"

"मोजताहेत."

"सगळे आहेत का, विचारा."

"मोजताहेत हो ताई. थांबा." मग बराच वेळ नुसता वारा. "एक कमी भरतोय."

तिने काउंटरची कड धरली. एक. बारकी यादीत होती, पण मुलं नीट मोजतात का? कडेवरची मोजतात का? ती कडेवर घेण्याएवढी नाही, पण आई घेईल.

"कोण?" ती म्हणाली. "कोण कमी आहे?"

"पुन्हा मोजताहेत."

अशी अकरा मिनिटं गेली. नंतर मोबाइलवर पाहिलं म्हणून तिला कळलं की ती अकराच होती.

"प्रवासी सगळे आहेत," आचारी म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "माझे आई-बाबा आहेत. तुमच्या मुलीचं नाव घेतलं त्यांनी, ती आहे. तुमची आई आहे. एक खलाशी नाही. इंजिनवाला. दुपारी मागच्या बाजूने खाली उतरला होता, इंजिन बघायला, तेव्हा लाट आली म्हणतात."

ती त्या अडणाऱ्या खुर्चीत बसली. जिवात जीव आला. सगळ्यात आधी आला तो आनंद, सरळसोट आनंद, की तो खलाशी होता, दुसरं कोणी नव्हतं. त्यानंतर तिला मागच्या डेकवर वाकलेला निळा डगला आठवला. तिने तोंडावर हात दाबला. पण तो आनंद काही केल्या जाईना.

संध्याकाळची बस मिळाली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या घाटातून गेली. बाहेर बघायचं नाही म्हणून तिने डोळे मिटून घेतले, आणि तरी प्रत्येक वळणाला रस्ता संपल्यासारखं वाटे. पुढची सीट मागायचं तिला सुचलं नव्हतं.

सकाळी ती कोळ्यांच्या एका लहान बंदरावर पोचली. लोकांना तिथल्या शाळेत ठेवलं होतं. वर्गातले बाक बाजूला सारून गाद्या टाकल्या होत्या. आई भिंतीला टेकून बसली होती, कोणाचा तरी जाड स्वेटर घालून. बारकी तिच्या मांडीवर डोकं ठेवून जागी होती. पळत आली नाही. आपल्या आईला बघून तिने फक्त हात पुढे केला आणि तिची ओढणी मुठीत धरली.

"खूप हलत होतं," बारकी म्हणाली. "आजीने मला खांबाला बांधलं होतं. तिच्या साडीने."

"तिथला एक माणूस म्हणाला, लाइफ जॅकेट घालून धरून बसा," आई म्हणाली. "माझे हात किती पुरणार? म्हणून बांधलं." आईच्या मनगटांवर निळे वळ होते. "तो निळ्या डगल्यातला. त्यानेच गाठ मारून दिली. मग तो मागे गेला."

ती दोघींना धरून बसली. पोरीच्या केसांना मिठाचा वास येत होता. थोड्या वेळाने तिने मान वर केली. पलीकडच्या गादीवर घड्याळजी होते, हात गळ्यात बांधलेला. त्यांची बायको त्यांना चमच्याने काहीतरी भरवत होती. शेजारी त्यांचा मुलगा उभा होता, आणि त्याने वडिलांना सांगितलेलं आहे हे तिला त्याच्या उभं राहण्यावरूनच कळलं. घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं. मग तोंड भिंतीकडे वळवलं.

"आई," ती म्हणाली, "मला माहीत होतं. इंजिनाचं. मला शुक्रवारीच सांगितलं होतं."

बारकीच्या केसांतून फिरणारा आईचा हात थांबला.

"मला सांगितलं असतंस, तर मी गेले नसते असं नाही," शेवटी आई म्हणाली. "मी हट्टाने गेले असते. पण पोरीला नेलं नसतं."

"हो."

"ते मी विसरेन असं समजू नकोस."

"नाही समजत."

"बरं." आईने तोंडावरून हात फिरवला. "काल रात्री एक पोलीस नाव लिहून घेत होता. तो म्हणाला, कोणीतरी फोन करून सांगितलं म्हणून आमच्याकडे बोट वळवली, नाहीतर सकाळपर्यंत इकडे कोणी आलंच नसतं. ते कोण?"

तिने बारकीच्या मुठीतली ओढणी सारखी केली. आईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

बंदराचं कार्यालय शाळेच्या मागेच होतं. दुपारी ती तिथे गेली. तो जाड आवाजाचा अधिकारी, पलीकडच्या धक्क्यावरून इथे आलेला, समोर बसला होता, दिसायला मात्र किडकिडीत. बाहेर बाकावर खलाशाची बायको बसली होती. तिच्यासोबत तिची जाऊ होती आणि दोघींपैकी कोणीच रडत नव्हतं. आत जायला त्यांच्यासमोरूनच वाट होती.

"तुमच्या मालकांचा फोन आला होता मघाशी," अधिकारी म्हणाला. "तुम्ही आता त्यांच्याकडे कामाला नाही, असं कळवलंय. तुम्हाला माहीत आहे ना?"

"आता कळलं."

"जबाब द्यायची सक्ती नाही. पण दिलात तर तुमच्यावरही प्रश्न येतील. हेही सांगून ठेवतो."

इतकी भीती काल खर्च झाली, आता उरली नसेल, असं तिला वाटलं होतं. पण उरली होती. दाराच्या फटीतून बाकावरची ती बाई दिसत होती. तिने पायातल्या चपला काढून बाजूला जोडीने ठेवल्या होत्या.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला कंपनीचा माणूस ऑफिसात आला."

लिहायला दीड तास लागला. अधिकारी मध्ये मध्ये थांबवून विचारत होता आणि ती सांगत होती. तो काय म्हणाला, ती काय म्हणाली, किती माणसांना तिकिटं विकली आणि त्यातल्या कोणाकोणाला हे सांगितलं नाही. शेवटच्या प्रश्नाला तिने सतराच्या सतरा नावं घेतली. सही करून बाहेर आली तेव्हा खलाशाच्या बायकोने मान वर केली.

"तुम्ही त्या फोनवाल्या का?" तिने विचारलं.

"हो."

"सकाळीच केला असतात तर," ती बाई म्हणाली. रागाने नाही, नुसतंच, एखादी वेळ चुकली म्हणावी तसं.

ती तिथे उभी राहिली. त्या बाईने उत्तराची वाट पाहिली नाही. जाऊने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

शाळेच्या फाटकाशी आई बारकीचा हात धरून उभी होती, बॅग पायाशी. स्टेशनला जायला समुद्राच्या कडेने सरळ सपाट रस्ता होता. बारकीने त्या बाजूला एकदा पाहिलं आणि पाय रोवून उभी राहिली. मग त्या तिघी गावाच्या आतल्या बाजूने निघाल्या, घरांच्या मागून, चढाच्या गल्लीने. लांब पडत होतं. आई दर थोड्या पावलांनी दम खायला थांबत होती, आणि थांबली की तिघी थांबत होत्या.